बाईंचं खातं

प्रिय आई,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. प्रवेश अर्जांची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी 'प्रवेश-मुख्य' या खात्यावर कुणीतरी बाहेरून आलं. पासवर्ड बरोबर होता. पहिल्याच प्रयत्नात आत.

२. त्या माणसाने यंदाच्या सगळ्या अर्जांची नक्कल उतरवून घेतली. नावं, पत्ते, फोन, आईवडिलांची माहिती, ओळखपत्रांच्या प्रती.

३. त्याच आठवड्यात अर्जदारांना कॉलेजच्या नावाने मेल गेल्या. प्रवेश कायम करायचा असेल तर अमुक ठिकाणी बँकेची माहिती भरा. बऱ्याच जणांनी भरली.

४. पालक खिडकीवर आले तेव्हा आम्हाला कळलं.

५. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तांत्रिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

६. 'प्रवेश-मुख्य' रोज वापरणारा म्हणून तुझ्या चेल्याला कामावर येऊ नको असं सांगितलं आहे. समिती शुक्रवारी पुन्हा बसते. तिने त्याच्यावर ठपका ठेवला तर त्याची नोकरी जाईल, आणि यापुढे कुठल्याही कॉलेजात त्याला कुणी अर्जाच्या गठ्ठ्याजवळ उभं करणार नाही.

अहवालात हे एवढंच असतं. तुला मात्र नीट लिहायला हवं.

कागदावर लिहिते आहे, कारण कॉलेजची मेल अजून बंद आहे आणि फोनवर तू विषय बदलतेस. मीही बदलते. गेल्या रविवारी तू विचारलंस, कुणाचं नाव आलं का गं, आणि मी उत्तर देण्याआधीच फोन ताईच्या मुलीच्या हातात दिलास. तिने मला तिच्या पडलेल्या दाताची पूर्ण हकीकत सांगितली. भावजी कामासाठी इकडे आले आहेत, आज संध्याकाळी परत निघतील, त्यांच्या हाती हे देते. उघडू नका असं त्यांना सांगितलेलं नाही. ते उघडणार नाहीत.

तुझं प्रवेश कार्यालय तू आता पाहिलंस तर ओळखणार नाहीस. तुझी खिडकी बंद आहे आणि पालक बाजूच्या दोन खिडक्यांवर उभे असतात. पहिल्या दिवशी आरडाओरडा होता, आता नाही. आता येतात, मुलीचं नाव सांगतात, तिचा प्रवेश खरंच आहे ना एवढं विचारतात आणि उत्तरावर विश्वास न ठेवता निघून जातात. एका बाईंनी मला विचारलं, माझ्या मुलीचा फोटो आता कुणाकडे आहे. मी म्हटलं, माहीत नाही. खरं उत्तर तेच होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना?

आमच्या विभागाने वर्षभरापूर्वी सगळीकडे एक सूचना लावली होती, 'सुरक्षा ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.' ती मजकुरासकट माझीच. शिपायाने ती प्रत्येक खोलीत पंखा बंद करण्याच्या सूचनेशेजारी चिकटवली, त्यामुळे लोक ती पंख्याइतकीच पाळतात. समितीच्या पहिल्या बैठकीत प्राचार्यांनी ती वाचून दाखवली आणि सगळ्यांनी माना हलवल्या. जबाबदारी सर्वांची आहे यावर पूर्ण एकमत झालं. मग नियामक मंडळाला एक नाव कळवायचं आहे, हा मुद्दा निघाला आणि ते 'सर्व' लोक एकेक करून बाहेर पडायला लागले. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, आमचा अर्जांशी संबंध नाही. ग्रंथपाल म्हणाले, मी तर त्या मजल्यावर जातही नाही. आमचे साहेब म्हणाले, यंत्रणा ठणठणीत आहे, माणसं चुकली. त्यांना आता सगळे 'रीस्टार्ट' म्हणतात, तोंडावरसुद्धा. कुठल्याही तक्रारीवर त्यांचा तो एकच उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो लागू पडतो, म्हणून त्यांना दुसरा शिकावा लागला नाही.

त्यानंतर चेल्याला आत बोलावलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलाखतीला घालतात तसा. प्राचार्य म्हणाले, कुंपणच शेत खायला लागलं तर आम्ही बघायचं कुणाकडे. खातं कोण वापरतं, असं विचारलं. म्हणाला, "मी." आणखी कोण? "मीच." तुझ्याशिवाय पासवर्ड कुणाला ठाऊक होता? तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पटकन, आणि पुन्हा म्हणाला, "मीच वापरत होतो, साहेब."

आई, तो पासवर्ड तिन्ही खिडक्यांना तोंडपाठ होता. बैठकीत बसलेल्यांपैकी निदान दोघांनी तो स्वतः वापरलेला आहे. दोघेही समोरच्या पाण्याच्या बाटलीवरची माहिती वाचत होते.

तो का गप्प राहिला हे मला लगेच कळलं. तुलाही कळलं असेल. तो नवा होता तेव्हा त्याने गुणवत्ता यादी उलटी लावली होती, सर्वांत कमी गुणवाले वर, आणि ती फलकावर जायच्या आत तू फाडलीस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. घरी येऊन मात्र हसलीस. म्हणालीस, पोरगं हुशार आहे, फक्त कागद कोणत्या बाजूने धरायचा ते शिकवायला हवं. मग वर्षभर त्याला शेजारी बसवून शिकवलंस. कार्यालयात 'बाईंचा चेला' हे चिडवण्यासाठी सुरू झालं आणि मग तेच त्याचं नाव होऊन बसलं. बैठकीनंतर मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, तू सरळ का सांगत नाहीस? तो म्हणाला, "बाईंचं नाव मी घेणार नाही. तुम्ही काय ते करा." मग मला विचारलं की बाईंचा गुडघा कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. तू मला गुडघ्याबद्दल काही सांगितलं नव्हतंस.

हे खातं कसं चालत आलं, तेही लिहिते, कारण समितीला ते लिहून देताना मला नीट शब्द सापडले नाहीत. आपल्या जुन्या घरी आपण बाहेर पडताना किल्ली समोरच्या मावशींकडे ठेवायचो. त्यांची आपल्याकडे असायची. कुलूप अनोळखी माणसासाठी असतं, शेजाऱ्यासाठी नसतं, असं तू म्हणायचीस. कार्यालयात तू तेच केलंस. मुदतीनंतर अर्जातली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त तुझ्या खात्याला होता. तू रजेवर गेलीस की काम अडायचं. खिडकीवर कुणी गरीब चेहऱ्याने उभं राहिलं आणि उद्या या असं सांगावं लागलं की तुला रात्री जेवण जात नसे. म्हणून तू पासवर्ड शेजारच्या टेबलाला सांगितलास. त्या टेबलाने पुढच्या टेबलाला सांगितला. नवीन माणसाला पाण्याचं पिंप कुठे आहे, ते दाखवताना हाही सांगायची रीत पडली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कित्येक मुलांची वर्षं त्यामुळे वाचली असतील. मी हे उपरोधाने लिहीत नाही.

तू निवृत्त झालीस तेव्हा ते खातं बंद व्हायला हवं होतं आणि तेच अधिकार चेल्याच्या स्वतःच्या खात्याला मिळायला हवे होते. मी तसं लेखी दिलं. आमचे साहेब म्हणाले, राहू दे ना, बाई काय परक्या आहेत का. प्राचार्यांनी शेरा मारला, प्रवेशाचा हंगाम झाल्यावर पाहू. हंगाम दरवर्षी असतो. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि हे वाक्य माझ्या अहवालात माझ्या पदनामासह आहे. तू ताईकडे राहायला गेलीस तरी अडलेल्या अर्जासाठी तुला फोन यायचे आणि तू तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून दुरुस्त्या करायचीस. ताई सांगते, त्या दिवशी तू साडी नीट नेसून बसायचीस.

आणि लेखी दिलं त्याच आठवड्यात मी तुला फोन करून म्हटलं की हे बंद करावं लागेल. नियम सांगितला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कॉलेजने मला वयामुळे काढलं. तू कशामुळे काढतेस?" मी म्हटलं, हे व्यक्तिगत नाही. तू म्हणालीस, तेच तर म्हणते मी. तेव्हापासून आपण हवापाणी आणि दात यांवर बोलतो.

आता मला काय सापडलं ते.

कुणी कधी कुठून आलं याची नोंद यंत्रणा ठेवते. चोर येण्याच्या आदल्या आठवड्यात 'प्रवेश-मुख्य' ताईच्या घरून उघडलं गेलं होतं. ती जोडणी मीच बसवून दिली होती, तिचा क्रमांक मला वहीत पाहावा लागत नाही. ते नेहमीचंच होतं. त्याच वेळी तुझ्या कॉलेजच्या टपालात एक मेल आली होती. 'माहिती सुरक्षा विभाग. आपले खाते लवकरच बंद होत आहे. खात्री करण्यासाठी खालील रकाने भरा.' पाठवणाऱ्याच्या नावात आपलं कॉलेज होतं, पत्ता भलताच होता. तो पाहायला नावावर टिचकी मारावी लागते. कुणी मारत नाही. मी कुणाला शिकवलंही नव्हतं. सूचना लावली होती.

ही मेल एकट्या तुला आली नव्हती. कॉलेजातल्या जवळजवळ सगळ्यांना आली होती. हिशेबाच्या बाई वाचल्या, कारण त्या माझ्या विभागाची कुठलीच मेल उघडत नाहीत. प्राचार्यांनी रकाने भरायला घेतले, पण त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवला नाही, म्हणून ते वाचले. त्यांनी आमच्या साहेबांना फोन करून विचारलं की माझा पासवर्ड काय आहे. म्हणजे अशी मेल फिरते आहे हे साहेबांना चोरी व्हायच्या आधी कळलं होतं. त्यांना वाटलं ती मी पाठवली असेल. मला विचारलं नाही. मी शेजारच्याच टेबलावर बसते. हे सगळं अहवालात आहे, आणि वाचल्यावर साहेब माझ्याशी बरेच दिवस बोलणार नाहीत. चालेल.

तू रकाने भरलेस, कारण खातं बंद होणार असं तुला आधी एकाच माणसाने सांगितलं होतं, आणि ती मी. मेल माझ्या विभागाच्या नावाने होती. तुला ती माझीच वाटली. एवढं मला नोंदींवरून समजलं असतं. पण तू रकाने भरून थांबली नाहीस, तू त्या मेलला उत्तरही लिहिलंस. पाठवलेल्या टपालात ते होतं. खात्याची तपासणी माझ्याकडे असल्यामुळे मला ते उघडावं लागलं. दुसऱ्या कुणाचं असतं तरी उघडलं असतं.

तू लिहिलं होतंस, "भरून दिलं आहे. आता बंद कर, मी अडवत नाही. तू म्हणत होतीस ते बरोबरच असणार, मला उगाच लागलं. जेवण वेळेवर घेतेस का? आई."

दुपारची वेळ होती, शेजारी साहेब कुणाला तरी फोनवर बंद करून चालू करायला सांगत होते. मी ते वाचलं, तपासणीच्या पत्रकात 'उत्तर पाठवले' अशी नोंद केली, उठून पाणी पिऊन आले आणि पुन्हा वाचलं. इतक्या महिन्यांनी तू माघार घेतलीस आणि ती एका अनोळखी माणसाच्या हातात पडली. त्याला ती कळलीही नसेल. तुला माझ्याकडून उत्तर आलं नाही तेव्हा तू काय समजली असशील, याचा मी विचार केला. तू समजली असशील की मला बोलायचं नाही.

मला उत्तर आलंच नव्हतं, आई. आता आलं आहे, तर त्याला उत्तर देते. जेवते, पण वेळेवर नाही. नियमाचं माझं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मी ज्या पद्धतीने सांगितलं ती पद्धत कार्यालयीन होती. तू चिडलीस त्यात उगाच काही नव्हतं.

तू मुद्दाम लपवते आहेस असं मी धरून चाललेले नाही. पण तुला अंदाज आला आहे. ताई म्हणाली, तू दोनदा चेल्याला फोन लावलास आणि तो तुला म्हणाला, बाई, तुम्ही काळजी करू नका, इकडे सगळं ठीक आहे. इकडे सगळं ठीक नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी झाली आहे, आणि संन्यासीच दोर घट्ट आहे ना म्हणून बघतो आहे. खरा चोर बहुधा कधीच सापडणार नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी देशात बसून एव्हाना दुसऱ्या कॉलेजचं कुलूप उघडत असेल. मंडळाला तो नको आहे, त्यांना कळवता येईल असं नाव हवं आहे, आणि कंत्राटावरच्या कारकुनाचं नाव फार स्वस्तात मिळतं. तुझं नाव तसं मिळणार नाही. तुझ्या निवृत्तीच्या वेळी ज्यांनी भाषणं केली तेच समितीत आहेत. तुझं नाव पुढे आलं की त्यांना खातं चालू का राहिलं याचाही विचार करावा लागेल, आणि मग शेरा कुणाचा होता, फोन कुणाला आला होता, पुन्हा कुणी विचारलं नाही, हे सगळं टेबलावर येईल. चेल्याचं नाव राहिलं तर यातलं काहीच येणार नाही. म्हणून तुझी गरज आहे.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. मला अहवाल शुक्रवारी सकाळी द्यायचा आहे आणि त्यात तुझं नाव असणार आहे. ते मी वगळणार नाही, तू सांगितलंस तरीही. खातेदार माझी आई असल्यामुळे अहवाल बाहेरच्या माणसाने तपासावा, असं मी कालच लिहून दिलं आहे. एकच गोष्ट अजून ठरायची आहे, आणि ती माझ्या हातात नाही. मला ते सापडलं असं तिथे लिहायचं, की तू स्वतः सांगितलंस असं लिहायचं. माझी इच्छा दुसरं लिहायची आहे. शुक्रवारी तू येऊन समितीपुढे बोलावंस. मेल आली, तू भरलीस, चेल्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढं पुरे. मी स्टँडवर घ्यायला येईन आणि आत तुझ्या शेजारी बसेन. गुडघ्यामुळे प्रवास जमणार नसेल तर हेच सहीनिशी लिहून पाठव. भावजी बुधवारी पुन्हा इकडे येत आहेत. त्यांच्या हाती किंवा फोनवर, यायचं आहे की लिहून द्यायचं आहे, ते मला गुरुवारी दुपारपर्यंत कळव. फोन केलास तर तो कुणाच्या हातात देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी